पूर्णवर्म्याची पावलं आणि २१ दिवसांचा कालवा

कामानिमित्त जकार्तात होतो. एक रविवार मोकळा मिळाला तशी बोगोरची लोकल पकडली. पाचव्या शतकात पश्चिम जावात तारुमानगरावर राज्य करणारा पूर्णवर्मा आपल्याला ठाऊक आहे तो दगडांवरच्या संस्कृत श्लोकांमुळेच.

कोटा स्टेशनपासून बोगोर साधारण दीड तास. तिथून चिआरुतउन, जिथे त्याच्या पावलांचा दगड आहे, १९ किलोमीटर. ॲपवर गाडी मिळते, पण परतीचं जातानाच ठरवा. मी ठरवलं नाही आणि भर पावसात तासभर टपरीवर बसून राहिलो. बोगोरला दुपारी पाऊस हमखास येतो, तेव्हा सकाळीच उरका.

आठ टनांचा हा धोंडा पूर्वी नदीपात्रात होता. १९८१मध्ये वर आणून आता छपराखाली ठेवलाय. त्यावर दोन पावलं आणि शेजारी चार ओळी. शेवटची 'विष्णोरिव पदद्वयम्', म्हणजे राजाची पावलं विष्णूच्या पावलांसारखी! लिपी पल्लव, म्हणजे दक्षिण भारतातली जुनी लिपी, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. श्लोक देवनागरीत मोबाइलवर घेऊन जा आणि एकेक अक्षर जुळवा. मला 'श्रीमतः' सापडलं तेव्हा शाळकरी पोरासारखा आनंद झाला. जवळच केबोन कोपीला राजाच्या हत्तीची पावलं कोरलेला दगड आहे, तोही बघून घ्या.

मला खरा भावला तो पूर्णवर्म्याचाच तुगूचा शिलालेख. तो जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे (सोमवारी बंद). अंड्यासारखा दगड, ओळी त्याला वेढा घालून कोरलेल्या. त्यात चंद्रभागेचं नाव येतं, आणि आपल्या डोळ्यांसमोर पंढरपूरच उभं राहतं. पूर्णवर्म्याने स्वतः खणवला तो गोमती नावाचा कालवा, ६१२२ धनुष्यं (लांबीचं जुनं माप) लांब. फाल्गुन वद्य अष्टमीला सुरुवात, चैत्र शुद्ध त्रयोदशीला पूर्ण, २१ दिवसांत. तिथेच उभ्या उभ्या बोटांवर मोजलं: अमावास्येपर्यंत ८ तिथी, पुढे १३. बरोब्बर २१! होळीनंतर आठवड्याने काम सुरू, हनुमान जयंतीच्या दोन दिवस आधी संपलं. उत्तरेकडच्या पंचांगात फाल्गुनातली वद्य अष्टमी होळीच्या आधी येते, तिथे हा हिशेब बसत नाही. म्हणजे जावातला हा राजा आपल्यासारखाच अमावास्येला महिना संपवत होता.

मी आधी बोगोरला गेलो, मग संग्रहालयात. तुम्ही उलटं करा. लिपीची ओळख आधी झालेली बरी. आणि चिआरुतउनला दगडाची देखभाल करणारे काका भेटले तर त्यांच्या हातावर थोडे रुपिया ठेवा. गोमतीच्या वेळी दक्षिणा हजार गायींची होती.