पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे

दोन महिने झाले, एक कॅसेट माझ्या टेबलावर पडून आहे आणि ती मी कपाटात ठेवत नाहीये. काम संपलंय, पैसे मिळालेत, अल्बम सात गाण्यांचा होऊन तयार आहे, तरी त्यातल्या चौथ्या गाण्याशी माझं मन अडकलंय म्हणून लिहून काढतोय.

कोल्हापुरात माझा छोटा स्टुडिओ आहे. बाहेरच्यांना वाटतं इथे दिवसभर गाणी चालतात. तसं काही नसतं, महिन्यातले वीस दिवस रिक्षावर लावायच्या जाहिराती, क्लासवाल्यांचे व्हिडिओ, निवडणूक आली की प्रचारगीतं, आणि उरलेल्या वेळात लोकांचे सूर सरळ करून देणं. हे शेवटचं काम आता इतकं वाढलंय की गायक बूथमधे जायच्या आधीच विचारतो, दादा ट्यून करणार ना नंतर? मग तो मन लावून गातच नाही. बारा वर्षांत माझा डोळा असा तयार झालाय की स्क्रीनवरची रेघ जरा वर गेली की हात आपोआप ती खाली ओढतो. डोळाच म्हणतोय मी, कान नाही.

तर हा मुलगा इचलकरंजीचा. पुण्यात एका बँडमधे गिटार वाजवतो, तिथलं सगळं चकचकीत, क्लिकवर (कानात मोजून टकटक लावून), लॅपटॉपवर. त्याला स्वतःची मराठी गाणी घरी जाऊन करायची होती, वडिलांच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत, खाली माग चालू असताना. आणि कॅसेटवर. त्याने कुठूनतरी जुनं टास्कॅमचं चार ट्रॅकचं पोर्टास्टुडिओ, म्हणजे चार आवाज वेगवेगळे घेणारं कॅसेट मशिन, मिळवलं होतं आणि ते दुरुस्त करून द्यायला पहिल्यांदा माझ्याकडे आला.

लो-फाय, म्हणजे मुद्दाम ओबडधोबड ठेवलेलं रेकॉर्डिंग, म्हटलं की हल्ली लोक स्वच्छ रेकॉर्ड करून वरून पावसाचा आवाज आणि तबकडीची खरखर चिकटवतात. खरखर विकत मिळते, प्लगइनमधे. मला ते बघून चीड येते, कारण मी कॅसेटवर शिकलोय आणि ती खरखर घालवायला आम्ही किती झटायचो ते मला माहितीये. या मुलाचं तसं नव्हतं. तो म्हणाला, "दादा, आमच्या घरात शांतता नसतेच. शांततेत रेकॉर्ड केलं तर ते खोटं होईल." मी हो म्हणालो ते या वाक्यावर.

मशिनबद्दल थोडं सांगतो. अशा मशिनचं पहिलं मॉडेल टीॲकने (टास्कॅम हा त्यांचाच ब्रँड) १९७९ साली काढलं, आणि तेव्हापासून साध्या कॅसेटवर घरबसल्या चार वेगवेगळे ट्रॅक घेता यायला लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीनने अशाच मशिनवर घरी केलेला डेमो १९८२ मधे जवळजवळ जसाच्या तसा अल्बम म्हणून बाहेर आला, त्यामुळे याला खेळणं समजू नये. यात कॅसेटची दुसरी बाजू नसते, दोन्ही बाजूंची जागा वापरून चार ट्रॅक एकाच दिशेने जातात. वर स्पीड दुप्पट, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे साठची कॅसेट पंधरा मिनिटांत संपते. आमच्या मशिनचा बेल्ट सैल पडला होता, तो बदलला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले (बोळा तीनदा काळा निघाला), हेडमधली चुंबकीय भर काढली, अझिमथ, म्हणजे हेडचा कोन, लावला. दोन रात्री गेल्या आणि त्या दोन रात्री वर्षातल्या सगळ्यात चांगल्या रात्री होत्या.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला, आणि अजूनही काही गल्ल्यांत घर आणि कारखाना एकाच भिंतीला असतात. यांचे चार साधे माग. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा (आडवं सूत नेणारा) फेकतो, म्हणजे गाण्याच्या भाषेत बऱ्यापैकी जलद लय, पण चारही मागांची गती थोडी थोडी वेगळी. त्यामुळे ते मधेच सगळे एकत्र पडल्यासारखे वाटतात, मग सुटतात, मग दोनच जुळतात. कुठल्याही ड्रम मशिनवर हे बनवता येणार नाही. तो पोरगा जन्मापासून हे ऐकत आलाय त्यामुळे त्याला कुठल्या मागाला धरून वाजवायचं ते कळत होतं, मला मात्र अर्धा दिवस लागला.

चौथं गाणं. पहिल्या ट्रॅकवर मागांचा आवाज, दुसऱ्यावर गिटार, आणि तिसऱ्यावर त्याची आई. काकू कांड्या भरतात, म्हणजे धोट्यात बसवायचं सूत गुंडाळतात, मागाच्या खोलीशेजारी भिंतीच्या आड कांडी मशिन आहे, त्यावर बसून, आणि काम करताना ओव्या म्हणतात. मागाजवळ नव्वद-शंभर डेसिबलचा आवाज असतो, तिथे माणसं ओठ बघून बोलतात. भिंतीआड जरा कमी, तरी काकूंना स्वतःचा आवाज कितपत ऐकू येत असेल मला शंकाच आहे. त्यांना उठवून वर आणायचं नाही हे मुलाने आधीच ठरवलं होतं. काकू म्हणाल्या, "मशीन बंद करून मला गायाला येत न्हाई बाळ, गाणं सुचत न्हाई."

मी एसएम ५८ हा साधा दणकट माइक त्यांच्या तोंडापासून चार बोटांवर लावला. पोर्टास्टुडिओतून फँटम पॉवर (माइकला लागणारी वीज) मिळत नाही त्यामुळे कंडेन्सरचा, म्हणजे बारीकसारीक आवाज टिपणाऱ्या माइकचा, प्रश्नच नव्हता, आणि त्या खोलीत कंडेन्सर लावणं वेडेपणाच झाला असता. हेडफोन दिला, त्यांनी एक बाजू कानावर ठेवली आणि दुसरी सरळ मागे सरकवली. लेव्हल बघायला घेतली तर हम, म्हणजे घूं असा आवाज. मोठा, जाड, सतत.

मला वाटलं ग्राउंडचा घोळ. ॲडाप्टर दुसऱ्या सॉकेटला लावला, केबल बदलली, विजेच्या वायरीपासून लांब आडवी नेली, काही फरक नाही. मग माइक जागेवर गोल फिरवून बघितला, कारण मोटरचं चुंबकीय क्षेत्र माइकच्या कॉइलमधे शिरत असेल तर दिशेबरोबर हम कमीजास्त होतो. नाही झाला. शेवटी माइक टॉवेलात गुंडाळला आणि हम निम्म्याहून कमी झाला, तेव्हा कळलं की हा वायरीतून येतच नाहीये, खोलीतल्या हवेतून येतोय. कांडी मशिनची मोटर काकूंच्या गुडघ्यापासून एक फुटावर होती आणि तिचा पत्रा घुमत होता. मी पाऊण तास एका खऱ्या आवाजाला बिघाड समजून शोधत होतो. ही सूचना मला तिथेच मिळाली होती, मी ती घेतली नाही.

काकूंनी एकदाच गायलं, साडेतीन मिनिटं. मुलगा वरून खाली आला होता, दाराशी उभा राहून बघत होता.

आता बाउन्स म्हणजे काय ते सांगावं लागेल. चार ट्रॅकवर चारपेक्षा जास्त गोष्टी हव्या असतील तर पहिले तीन मिक्स करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन मोकळे करून त्यांवर नवीन घ्यायचं. नवीन घेतलं की जुनं पुसलं जातं, कायमचं. कुठला आवाज किती ठेवायचा हा निर्णय त्या क्षणी आणि तिथेच. मुलाला अजून स्वतःचा आवाज, दुसरी गिटार आणि पेटी घ्यायची होती. दुपारचे तीन वाजले होते. मी विचारलं, "आईचा आवाज किती ठेवू?" तो म्हणाला, "ते तुमच्या कानावर सोडलं दादा."

माझ्या कानाला काकू चढ्या लागत होत्या. फार नाही, पण सगळीकडे सारख्याच, गिटारच्या वर. दोन सूर जवळजवळ असले की जी लाट ऐकू येते ती सेकंदाला तीन-चार वेळा येत होती आणि ती मला सहन होत नव्हती. कॅसेटवर सूर ओढता येत नाही. मग मी तेच केलं जे कुठलाही इंजिनिअर करतो, फेडर (त्या ट्रॅकचा आवाज कमीजास्त करायची पट्टी) खाली घेतला. काकू मागे गेल्या, गिटार पुढे आली, लाट दबली. बाउन्स केला, आणि तिसऱ्या ट्रॅकवर मुलाचा आवाज घेतला.

कॉम्प्युटरला मिक्सपर्यंत हात लावायचा नाही असं त्याने सांगितलं होतं आणि मी ते पाळलं. पण गाडीत इंटरफेस, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधे घेणारी पेटी, होता. मशिनला चार वेगळे आउटपुट आहेत, एक कॉपी काढून ठेवायला पाच मिनिटं लागली असती, त्याला सांगायचीसुद्धा गरज नव्हती. गिऱ्हाईकाचं मूळ रेकॉर्डिंग कॉपी न करता पुसायचं नाही हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना ओरडून सांगतो.

आठ दिवसांनी कॅसेट स्टुडिओत कॉम्प्युटरवर उतरवली. चौथ्या गाण्याच्या शेवटी गिटार थांबते आणि काकू अजून दोन ओळी म्हणत राहतात, खाली फक्त मोटर. तिथे मी हेडफोन काढून स्पीकरवर ऐकलं. काकू चढ्या नव्हत्या. इतकं नेमकं जुळलेलं मी माझ्या बूथमधे कधी ऐकलेलं नाही.

मग मोजलं. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, मोटरमधलं लोखंड दर सायकलला दोनदा ओढलं जातं म्हणून ती शंभरवर घुमते. इलेक्ट्रिक पियानोवर बघितलं तर शंभर हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच आणि काळी चार या शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधे, पांढरी पाचच्या पस्तीस सेंट वर, म्हणजे अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशाहून जरा जास्त. ग्रिडची फ्रीक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायची असा नियम आहे त्यामुळे हा सूर फारसा हलत नाही, कुठलाही तानपुरा दिवसभर इतका टिकत नाही. कॅसेटवरचा हम शंभरला दिसत होता, म्हणजे टेपचा स्पीडही बरोबर होता, त्यावर ढकलायची सोय नाही. काकूंचा षड्ज दोनशेवर होता. गिटार ट्यूनरवर लावलेली, तिची पांढरी पाच एकशे शहाण्णव. सेकंदाला चार लाटा, मी ऐकल्या तेवढ्याच.

त्या मोटरशेजारी काकू सत्तावीस वर्षं बसल्यात. हेडफोनची एक बाजू त्यांनी का सरकवली ते मला आता कळतंय, त्यांना सूर घ्यायचा होता. बेसूर गिटार होती. ती पस्तीस सेंट चढवून लावायला मला दोन मिनिटं लागली असती, आणि त्या खोलीतला पक्का सूर कुठला हे टॉवेल गुंडाळला तेव्हाच माझ्या हातात आलं होतं.

मुलाला सगळं सांगितलं, लपवलं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की परत घेऊ. गेल्या रविवारी गेलो, या वेळी गिटार मोटरला लावून, इंटरफेस खिडकीत ठेवून. काकू म्हणाल्या आज नको, मागावरचा बीम (उभ्या सुताचा रूळ) संपत आलाय, कांड्या पाहिजेत, आणि तशी ती ओवी आता आठवत पण नाही, त्या वेळी तोंडाला आली ती म्हटली. मी आग्रह केला नाही. मुलाने फोनवर मिक्स लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला. मशिन चालूच होतं. त्यांनी पूर्ण ऐकलं, हात कांडीवरून न काढता.

"मोटर आमचीच हाय, वळखली की लगेच," त्या म्हणाल्या. "पर मी अशी लांब का बसल्यावानी वाटतोय?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी त्यांना फेडर म्हणजे काय ते सांगायला गेलो आणि त्या खोलीत मला माझाच आवाज ऐकू येईना.