लिंबची बारा मोटेची विहीर, माइनक्राफ्ट आणि चॅटमधला कॅल्क्युलेटर

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममधे सर्व्हायव्हलला, म्हणजे सगळं सामान स्वतः गोळा करायच्या प्रकारात, मोठं काही बांधायला घेतलं की अर्धा खेळ हिशोबाचा असतो, हे जे खेळतात त्यांना वेगळं सांगायला नको. आणि हा हिशोब आपल्या सवयीचा नाही, इथे शंभरावर काही चालतच नाही. एका स्टॅकमधे, म्हणजे एका खान्यातल्या ढिगात, 64, साध्या चेस्टमधे म्हणजे पेटीत 27 खाने, डबल चेस्टमधे 54, म्हणजे भरलेली एक डबल चेस्ट 3456 ब्लॉकची, एक शल्कर बॉक्स, म्हणजे भरलेला उचलून नेता येणारा डबा, 1728 चा, आणि एंडर पर्ल असेल तर स्टॅक 16 चाच. आता यात कुणी विचारलं की बाई तुला साडेसात हजार दगड लागणारेत तर किती शल्कर घेऊन जाशील, तर तोंडी कोण सांगणार?

मी सध्या कॅल्कमॉड वापरतेय. जावा एडिशनचा मॉड, म्हणजे गेमला वरून टाकायची जोड आहे, मी फॅब्रिक या मॉड चालवणाऱ्या लोडरवर टाकलाय. करायचं एवढंच की चॅट उघडायची, स्लॅश देऊन कॅल्क लिहायचं आणि पुढे गणित टाकायचं, उत्तर तिथेच चॅटमधे येतं. नुसती बेरीज गुणाकार नाही, आकडा दिला की त्याचे स्टॅक किती शल्कर किती ते करून देतो, ओव्हरवर्ल्ड म्हणजे नेहमीच्या जगाच्या कोऑर्डिनेटवरून नेदर या आगीच्या दुसऱ्या जगाचे काढून देतो, कंपॅरेटरच्या, म्हणजे पेटी किती भरलीय ते मोजणाऱ्या भागाच्या, सिग्नलला किती वस्तू लागतील तेपण सांगतो. खेळ सोडून बाहेर यायचं नाही, मोबाईल शोधायचा नाही, हातातली कुदळ हातातच राहते. ऐकायला किरकोळ वाटेल पण माझं सगळं बांधकाम या एका गोष्टीवर उभं राहतंय म्हणून हे लिहितेय.

तर बांधकाम काय, तर आपली लिंबची बारा मोटेची विहीर. साताऱ्याच्या लोकांनी बघितलेली असतेच, पुण्याकडे जाताना हायवे सोडून लिंब गावात वळायचं. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते, विरूबाईंनी बांधून घेतलेली विहीर, शिलालेखात शके 1641 ते 1646 आहे म्हणजे इसवी सन 1719 ते 1724, शाहू महाराजांचा काळ. खोली साधारण 110 फूट, व्यास 50 फूट, वरून अष्टकोनी, एका वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी ओढायच्या पाण्याच्या कातडी पिशव्या, चालायच्या आणि सगळ्यात भारी म्हणजे आत उतरताना मधे एक छोटा महाल आहे कोरीव खांबांचा. विहिरीत महाल! आमच्याकडे पाहुणे आले की आधी अजिंक्यतारा मग कास मग वेळ उरला तर लिंब असा क्रम असतो, माझ्या मते तो उलटा पाहिजे.

माइनक्राफ्टमधे एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. 110 फुटाचे साडेतेहतीस मीटर होतात, मी 34 धरले. 50 फुटाचे 15. अष्टकोन काढायला आतली रुंदी 15 आणि भिंत एक ब्लॉक जाड, म्हणजे बाहेरून 17. सरळ बाजू सात सात ब्लॉकच्या चार आणि तिरक्या बाजू चार चार ब्लॉकच्या चार, झाली 44 ब्लॉकची रिंग. आतली मोकळी जागा भरते 185 ब्लॉक. भिंतीची जागापण खोदावी लागणारच म्हणून 185+44, एका थराला 229. चॅटमधे 229*34 टाकलं, आलं 7786. तेच स्टॅकमधे 121 आणि वर 42, तेच शल्करमधे 4 शल्कर, 13 स्टॅक आणि 42.

हा आकडा समोर आला ना की सगळं नियोजन आपोआप लागायला लागतं. हिऱ्याची कुदळ 1561 वेळा चालते, तिच्यावर अनब्रेकिंग 3 ही टिकाऊपणाची जादू असेल तर सरासरी चौपट म्हणजे 6244, म्हणजे मेंडिंग ही कुदळ दुरुस्त करत राहणारी जादू नसेल तर एका हिऱ्याच्या कुदळीत ही विहीर होत नाही. नेदराइटची 2031 ची, चौपट 8124, ती पुरते, अगदी काठावर पण पुरते. हे खोदायला सुरुवात करायच्या आधी माहीत असणं आणि विसाव्या थरावर कुदळ तुटल्यावर माहीत होणं यात लय फरक आहे. जागा मी अशी निवडली की वरचा काठ वाय म्हणजे उंचीच्या आकड्यात 80 ला येतो आणि तळ 46 ला, त्यामुळे डीपस्लेट हा खालचा टणक दगड लागतच नाही, तो 8 आणि 0 च्या मधे सुरू होतो आणि त्यात कुदळीचा वेग निम्म्यावर आल्यासारखा वाटतो.

मामा बांधकामाची कामं घेतात. सुट्टीला आले होते, मी स्क्रीनवर आकडे टाकत बसलेली, मागे उभे राहून बघत होते, म्हणाले, "अगं हे ब्लॉक बिलॉक मला नको सांगू, ब्रास किती होतंय ते सांग." एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आपल्याकडे वाळू मुरूम खडी खोदाई सगळं ब्रासवरच चालतं. एका घनमीटरचे 35.3147 घनफूट, मी तिथेच चॅटमधे 7786*35.3147/100 टाकलं, आलं 2749 आणि वर काहीतरी. मामा खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "पावणेतीन हजार ब्रास? आणि हे सगळं हातानं काढलंय त्या लोकांनी? वर नुसतं काढून भागत नाही पोरी, ते टाकायचं कुठं ते आधी ठरवावं लागतं." त्यानंतर तासभर मामा खोदाईचा दर, खालून माल वर आणायचा वेगळा दर, पाणी लागल्यावरचा तिसरा दर असं बोलत होते आणि मी ऐकत होते. लिंबला मी कितीदा गेलेय, पण त्या विहिरीतून बाहेर काढलेल्या दगडामातीचा विचार मी त्या दिवसापर्यंत कधीच केला नव्हता. खेळातपण तो प्रश्न आहेच, चार शल्करच्या वर माल निघतो तो ठेवायचा कुठे. मी काठाच्या जवळच तीन डबल चेस्ट मांडल्या. तिन्ही मिळून 10368 मावतात, 7786 जाऊन आणखी जागा उरते.

आता भिंत. सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट आणि माइनक्राफ्टमधे 2020 च्या नेदर अपडेटपासून बेसॉल्ट आहे, मग दुसरा दगड लावायचा प्रश्नच नव्हता. पण साध्या बेसॉल्टला उभ्या रेघा असतात, तो खांबाला शोभतो, भिंतीला नाही. भिंतीला स्मूथ बेसॉल्ट पाहिजे, तो बेसॉल्ट भट्टीत भाजून मिळतो. 44*34 म्हणजे 1496, 23 स्टॅक आणि 24. एक कोळसा 8 वस्तू भाजतो म्हणजे 187 कोळसे. एका वस्तूला 10 सेकंद, एकच फर्नेस लावली तर 14960 सेकंद, चार तासांच्या वर. आठ फर्नेस ओळीने लावल्या की प्रत्येकीला 187 येतात आणि काम 31 मिनिटात होतं. ब्लास्ट फर्नेस दुप्पट वेगाने चालते पण तिच्यात बेसॉल्ट जातच नाही, तिथे खनिजं आणि धातूच्याच वस्तू, त्यामुळे साध्या फर्नेसच जास्त लावायच्या. बेसॉल्ट आणायला एकतर नेदरमधे बेसॉल्ट डेल्टामधे जा, नाहीतर घरीच जनरेटर करा, खाली सोल सॉइल, शेजारी ब्लू आइस आणि वरून वाहता लाव्हा. ब्लू आइसचा एकच ब्लॉक पुरतो पण तो एक करायला 81 साधा बर्फ लागतो, नऊचा एक पॅक्ड आइस आणि असे नऊ मिळून एक ब्लू. मी डेल्टातूनच आणला. मॅग्मा क्यूब त्रास देतात, पण दगड अमाप.

स्मूथ बेसॉल्टच्या पायऱ्या होत नाहीत ही एक खंत आहे, म्हणून उतरायचा जिना ब्लॅकस्टोनचा केलाय, रंग बराच जुळतो. पायऱ्या कायम स्टोनकटरवर करा हो, एका ब्लॉकची एक पायरी निघते. क्राफ्टिंग टेबलावर 6 ब्लॉकच्या 4 च मिळतात, 300 पायऱ्यांना 450 ब्लॉक जातात.

नेदरवरून आठवलं. विहिरीची जागा घरापासून लांब आहे, एक्स 1848 आणि झेड उणे 2640. नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे वरचे आठ, म्हणून दोन्ही आकड्यांना 8 ने भागून 231 आणि उणे 330 ला पोर्टल, म्हणजे दोन जगांमधलं दार, लावलं. वायला भागायचं नसतं. मॉडमधे यासाठी वेगळी कमांड आहे, जिथे उभे आहात तिथलेच कोऑर्डिनेट घेऊन उत्तर देते, तुम्हाला काही टाइप करायला लागत नाही.

मामाचा पोरगा नववीत आहे, माझ्याबरोबर त्याच वर्ल्डमधे खेळतो, त्याचं म्हणणं असं की "ताई, ही चीटिंग आहे, खरा सर्व्हायव्हल म्हणजे अंदाजाने." मला हे अजिबात पटत नाही. कॅल्क्युलेटर एकपण ब्लॉक तुमच्या हातात आणून देत नाही. 7786 वेळा कुदळ मलाच मारायची आहे, मॅग्मा क्यूबचा मार मलाच खायचाय. त्याने फक्त एवढं होतं की काम हातात घ्यायच्या आधी ते केवढं आहे ते कळतं, आणि ते कळल्यावरपण घ्यावंसं वाटलं तर ते काम अर्धवट पडत नाही. अंदाजाने सुरू केलेले अर्धे किल्ले प्रत्येकाच्या वर्ल्डमधे पडून असतात. त्याच्यापण आहेत, आमच्या वर्ल्डमधला त्याचा अजिंक्यतारा दोन बुरुजांवर थांबलाय. आणि त्याला मी हेपण सांगितलं की ज्यांनी विहीर बांधली त्यांनी काय अंदाजाने बांधली असेल काय? बारा मोटांचे बैल एकमेकांच्या आड न येता चालले पाहिजेत, पाणी थारोळ्यात म्हणजे काठावरच्या हौदात पडून पाटाने आमराईला गेलं पाहिजे, हे सगळं आधी मोजल्याशिवाय होत नाही.

सध्या त्या मोटांवरच आलेय. मोट तळापासून वर यायला बैलांना जवळपास तितकंच अंतर धावेवरून, म्हणजे बैलांच्या उतारावरून, उतरावं लागणार म्हणून मी धाव 34 ब्लॉक लांब आणि 3 ब्लॉक रुंद धरली. बारा धावा, 12*34*3, आले 1224. यासाठी कोर्स डर्ट घेतलंय, पायाखाली तुडवून तुडवून गवत गेलेल्या मातीसारखं तेच दिसतं. दोन माती आणि दोन ग्रॅव्हल घातले की चार निघतात, म्हणजे 612 माती आणि 612 ग्रॅव्हल, प्रत्येकी 9 स्टॅक आणि 36. पोरगा ग्रॅव्हल आणायला तयार झालाय. त्याने परवा पहिल्यांदाच स्वतःहून चॅटमधे कमांड टाकली, 612 चे स्टॅक किती ते बघायला, आणि मग शल्कर न घेता तसाच गेला कारण नऊ दहा खान्यात मावतंय हे त्याला कळलं होतं.

राहिला महाल. त्याची मापं माझ्याकडे नाहीत. खांबांमधलं अंतर किती, छत किती उंच, हे फोटोवरून काढायचा मी प्रयत्न केला पण फोटोत खोली कळत नाही. मामा म्हणालेत पुढच्या रविवारी टेप घेऊन जाऊया, सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. कुणी आधीच मापं घेतलेली असतील, आर्किटेक्चरवाल्यांनी वगैरे, तर मला नक्की कळवा, फुटात असली तरी चालतील, मीटर मी चॅटमधे करून घेते.