केजन जॅममध्ये बसायला मिळेपर्यंत

अमेरिकेत, लुईझियाना राज्यातल्या लाफायेटला राहायला आल्यावर कुणीतरी सांगितलं, इथून पाऊण-एक तासावर युनिस म्हणून गाव आहे, तिथं एका वाद्यांच्या दुकानात दर शनिवारी सकाळी माणसं जमून केजन संगीत, म्हणजे इथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांचं लोकसंगीत, वाजवतात, त्याला जॅम म्हणतात, कुणीही यावं. मी मिरजेची. लहानपणापासून व्हायोलिन शिकलेली, पण हिंदुस्तानी पद्धतीचं. मांडी घालून, वाद्याचं डोकं पायावर टेकवून. कुणीही यावं हे अगदी खरं आहे. पण येऊन कुठं बसावं आणि धनुकली कधी टेकवावी याचा एक अख्खा अभ्यासक्रम आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. दक्षिण लुईझियानात बदली होऊन येणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या हातात वाद्य असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

ते दुकान म्हणजे सॅव्हॉय म्युझिक सेंटर. मार्क सॅव्हॉय यांनी १९६६ साली काढलेलं. ते स्वतः अकॉर्डियन बनवतात. दुसऱ्या महायुद्धाआधी इथं जर्मनीहून अकॉर्डियन यायचे. युद्धात तो पुरवठा तुटला, तेव्हा इथल्याच कारागिरांनी जुनी जर्मन वाद्यं उघडून, आतलं बघून, तशीच घडवायला घेतली. सतारमेकर गल्लीत शाळेची वाट असलेल्या मला दुकानामागचा लाकडाचा वास ओळखायला वेळ लागला नाही. पुढच्या भागात खुर्च्यांचं कडं. मधे अकॉर्डियन, त्याला चिकटून दोन-तीन फिडल, म्हणजे व्हायोलिनच, मग गिटारी, बाहेरच्या बाजूला ऐकणारे. एका बाजूला कॉफी, आणि कागदात गुंडाळलेलं गरम बूदॅं: भात, डुकराचं मांस, काळीज आणि कांद्याची पात भरलेलं सॉसेज. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, माइक नाही.

पहिले कितीतरी शनिवार मी बाहेरच्या खुर्चीवर काढले. वाद्य गाडीतच. सल्ला विचाराल तर हाच पहिला देईन. कारण तिथं सांगून काहीच होत नाही. गाणं कोणतं हे अकॉर्डियनवाला ठरवतो आणि थेट सुरू करतो. पट्टी जाहीर होत नाही. ती गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघून ओळखायची. अकॉर्डियन एका वेळी एकच. ति फेर, म्हणजे लोखंडी त्रिकोण, तोही एकच. (हे त्रिकोण पूर्वी गवत ओढायच्या दाताळ्याच्या दात्यांपासून वळवून करत. दोन माणसांनी एकदम वाजवले तर का नको, हे एकदा ऐकलं की पुन्हा विचारावं लागत नाही.) एक कडवं गायलं जातं, मग अकॉर्डियनची फेरी, पुन्हा कडवं, मग कधीतरी फिडलची फेरी. कोणत्या फिडलची, हे अकॉर्डियनवाला मान हलवून सांगतो. मान तुमच्याकडे हलली नसेल तर तुम्ही सूर वाजवायचा नाही. साथ करत राहायचं.

आता पट्टीचं. केजन अकॉर्डियनला एका ओळीत १० बटणं असतात, आणि भाता दाबला की एक स्वर, ओढला की दुसरा. आपल्या हार्मोनियमवाल्याचं डोकं इथंच फिरतं. बरेचसे अकॉर्डियन पांढरी एकचे, म्हणजे सी चे. मग त्यावर पांढरी एक किंवा पांढरी पाच, म्हणजे जी, एवढ्यातच बहुतेक गाणी बसवायची. रीडचे चार संच एकदम वाजत असल्यामुळे आवाज दणदणीत. माइक नसलेल्या काळात शेतकऱ्याच्या घरातलं सामान बाहेर काढून नाच व्हायचे, तिथं असंच वाद्य टिकणार. मग फिडलवाले काय करतात? चारही तारा एक पूर्ण स्वर उतरवतात. जी-डी-ए-ई च्या जागी एफ-सी-जी-डी. असं केलं की बोटं डी च्या जागी पडतात आणि ऐकू पांढरी एक येते, शिवाय मोकळ्या तारा मदतीला गुंजत राहतात.

माझं वाद्य सा-प-सा-प मध्ये, माझ्या काळी एकला लावलेलं. ते रोज खालीवर करण्यापेक्षा मी एक स्वस्तातलं व्हायोलिन घेतलं आणि ते कायमचं उतरवून ठेवलं. तारा थोड्या ढिल्या लागतात, आवाज खरखरीत येतो, आणि इथं तो तसाच हवा असतो. बसण्याचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा सोपा निघाला. जुने केजन वादक फिडल हनुवटीखाली न घेता छातीवर टेकवत. मीही तेच केलं.

खरं अवघड काम हाताचं. आमच्या शिक्षणात धनुकली एका तारेवर, मींड गुळगुळीत, आलापाला उभा जन्म. इथं धनुकली सतत दोन तारांवर: एकीवर चाल, दुसरीवर नुसता धरलेला सूर. आणि नाचणाऱ्याच्या पायाला लागेल असा ठोका. नाचाचे प्रकार दोन, वॉल्ट्झ किंवा टू-स्टेप, तिसरं फारसं काही नाही. वर आणखी एक गंमत. बऱ्याच जुन्या चालींत ओळीच्या शेवटी एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते. गाणाऱ्याने श्वास घेतला, तो जेवढा लांबला तेवढा सूर लांबला, आणि पुढच्यांनी ते तसंच शिकून घेतलं. सम शोधत बसलेल्या माणसाला हे सुरुवातीला हिशेबातली गफलत वाटते. मात्रा मोजायच्या सोडून शब्दांकडे लक्ष दिलं की लागतं. फ्रेंच येत नसली तरी गाणारा कुठं थांबतो हे पाठ होतंच.

कड्यातल्या एका वयस्कर फिडलवाल्यांच्या शेजारची खुर्ची एकदा रिकामी होती. त्यांनी मला धनुकलीनेच खूण केली, बस म्हणून. त्या दिवसापासून मी ‘सेकंड’ शिकले. म्हणजे मुख्य फिडलखाली खालच्या तारांवर फक्त ठेका आणि आधार द्यायचा, चाल वाजवायचीच नाही. अकॉर्डियन यायच्या आधीपासूनची ही दोन फिडलची रीत आहे. डेनिस मगी आणि सेडी कूरव्हिल यांनी १९२९ साली केलेल्या ध्वनिमुद्रणांत ती स्वच्छ ऐकू येते. मी तीच ऐकून ऐकून घोटली. जॅममध्ये जागा मिळवून देतं ते हे सेकंड. चाल वाजवू शकणारे भरपूर येतात, प्रवासी तर आपली तयारी दाखवायलाच येतात; शेजाऱ्याचा सूर उचलून धरणारा कमी असतो. मला माझ्या ताना आणि मींडा गाडीत ठेवून आत जावं लागलं, आणि त्यात मला काही गमावल्यासारखं वाटलं नाही.

खाण्याचंही तसंच. पहिल्यांदा मसालेभात करून न्यावा आणि कौतुक करून घ्यावं असा मोह झाला होता. आवरला. गरम बूदॅंची पिशवी नेली, बाकीचे नेतात तशी, आणि कुणाचंही लक्ष गेलं नाही. मला हवं होतं ते हेच.

तिथंच येणाऱ्या एक आजी, सगळे त्यांना नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात, मीही तशीच मारू लागले. त्यांनी गंबो, म्हणजे इथलं दाट रश्श्याचं कालवण, शिकवायला मला घरी बोलावलं. तेल आणि मैदा समसमान, जाड बुडाचं काळं लोखंडी भांडं, आणि ढवळणं. बेसनाचे लाडू करताना जसं भाजणं सोडून फोन घ्यायला जाता येत नाही, तसंच. फक्त हे ‘रू’ बदामी रंगावर थांबत नाही. चॉकलेटी होईपर्यंत न्यायचं, आणि काळा ठिपका दिसला की सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. मग कांदा, ढोबळी मिरची, सेलरी. मग कोंबडी आणि धुरावलेलं सॉसेज. युनिसकडच्या गवताळ पट्ट्यात गंबोत टोमॅटो घालत नाहीत. न्यू ऑर्लिन्समध्ये घालणारे घालतात, आणि त्याबद्दल इथं काय बोललं जातं ते लिहिण्यासारखं नाही. सोबत भात आणि बटाट्याचं सॅलड, बरेचदा त्याच वाडग्यात.

रू ढवळता ढवळता आजींनी शाळेचं सांगितलं. १९२१ च्या राज्यघटनेने लुईझियानातल्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली. आजी शाळेत गेल्या तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, आणि फ्रेंचमध्ये बाथरूमला जायचं विचारलं म्हणून ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ हे वाक्य पानंच्या पानं लिहावं लागलं. स्वतःच्या मुलांशी त्या मग इंग्रजीतच बोलल्या. जॅममध्ये चाळिशीतले लोक फ्रेंच गाणी गातात पण फ्रेंचमध्ये बोलत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटायचं. ते त्या दिवशी संपलं. १९६४ मध्ये केजन वादक ड्यूई बाल्फा आणि त्यांचे साथीदार न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आले, हजारो परक्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तेव्हा घरच्यांनाही आपल्या चालींची लाज वाटेनाशी झाली. १९६८ साली राज्याने फ्रेंचसाठी मंडळ नेमलं. १९७४ साली लाफायेटमध्ये केजन संगीताचा मोठा कार्यक्रम झाला, त्यातूनच आजचा ‘फेस्तिव्हाल आकादियाँ ए क्रेओल’ उभा राहिला. दर ऑक्टोबरात, गिरार्ड पार्कमध्ये, फुकट.

त्या नावात क्रिओल आहेत, युनिसच्या कड्यात मात्र फार थोडे दिसले. हे मला खटकत राहिलं. केजन म्हणजे १७५५ पासून ब्रिटिशांनी कॅनडातल्या अकादियातून हुसकावलेल्या फ्रेंचांचे वंशज; क्रिओल म्हणजे इथल्या बोलण्यात मुख्यतः फ्रेंच परंपरेतले काळे लोक. जॅममध्ये वाजणाऱ्या कितीतरी चालींच्या मुळाशी आमेदे आर्द्वां हा क्रिओल अकॉर्डियनवादक आहे. गोऱ्या डेनिस मगींसोबत तो गोऱ्यांच्या नाचांना वाजवायचा. घाम पुसायला एका गोऱ्या बाईने आपला रुमाल दिला म्हणून त्याला मरणाची मारहाण झाली, असं इथं घरोघरी सांगतात. १९४२ साली तो पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात वारला. पुढच्या पिढीतले कॅनरे फॉन्टेनो पहिलं फिडल सिगारच्या खोक्याचं आणि जाळीच्या दाराच्या तारांचं करून शिकले. क्रिओल संगीत पुढे झायडिकोकडे वळलं: क्लिफ्टन शेनिए यांचा पियानो अकॉर्डियन, आणि अंगावर जाकिटासारखं घालून बाटली उघडायच्या चाव्यांनी खरवडायचा पत्रा, फ्रोत्वार. तिथं जायचं तर खुर्च्यांच्या कड्यात नव्हे, घोड्यांच्या मागे जावं लागतं. क्रिओल घोडेस्वारांच्या ट्रेल राइड निघतात, मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दिवसभर संगीत, शेवटी नाच. तिथं मी व्हायोलिन काढलं नाही. नाचले.

मान माझ्याकडे हलली ती युनिसमध्ये नाहीच. ब्लॅक पॉट म्हणून एक महोत्सव होतो, काळ्या लोखंडी भांड्यांतल्या स्वयंपाकाची स्पर्धा आणि संगीत एकत्र. लोक तंबू ठोकून राहतात. दिवसा मंचावरचे कलाकार रात्री तंबूंमधून वाजवत फिरतात. कुणाच्या तरी छत्रीखाली आम्ही सहासात जण, शेजारच्या भांड्यात ग्रेव्ही रटरटतेय, भांडंवाला मधेच पळी ठेवून गिटार घेतोय, पुन्हा पळी घेतोय. एक मुलगी, माझ्या मुलीच्या वयाची असेल, अकॉर्डियन वाजवत होती. दुसऱ्या कडव्यानंतर तिनं माझ्याकडे बघून हनुवटी उचलली. वॉल्ट्झ होता, पांढरी पाचमधला, मला पाठ. मी चाल वाजवली, दोन्ही तारांवर, एकही मींड न घेता. शेवटाला तिनं पाय वर केला, म्हणजे संपवा. सगळे एकदम थांबलो, आणि तिनं लगेच पुढचं सुरू केलं. कुणी शाबासकी दिली नाही. तेवढा वेळच नव्हता.

जाणाऱ्यांसाठी थोडं. क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या शेवंडासारखे जीव, खायचे असतील तर साधारण वसंत ऋतूत या. ब्रो ब्रिजचा क्रॉफिश महोत्सव मे महिन्याच्या सुरुवातीला असतो. भातकापणीनंतर त्याच खाचरांत पाणी ठेवून क्रॉफिश वाढवतात, त्यामुळे भात आणि क्रॉफिश एकाच शेतातून ताटात येतात. डोकं पिरगाळायचं, शेपटीचं कवच सोलायचं, स्वतःच्या डोळ्यांना हात लावायचा नाही. शाकाहारी असाल तर आधीच डबा बांधा, कारण इथं घेवड्यातसुद्धा सॉसेज असतं आणि पालेभाजीतही हॅम सापडतं. ऑक्टोबरात यायचं तर गिरार्ड पार्कसाठी घडीची खुर्ची आणा, पण ती नाचाच्या जागेपासून लांब मांडा. मंचासमोर एवढी धूळ उडते की पुढच्या रांगेतला गंबो किरकिरीत होतो. आणि वाद्य आणणार असाल तर घरूनच पूर्ण स्वर उतरवून आणा. तिथं तारा खाली केल्या तर त्या तासभर सुरात राहत नाहीत, आणि अकॉर्डियन तुमच्यासाठी थांबत नाही.