स्मरणचित्र खरंच स्मरणातून यावं म्हणून

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शालेय चित्रकला परीक्षांमधल्या स्मरणचित्राच्या, म्हणजे दिलेला विषय आठवणीतून काढायच्या चित्राच्या, सरावाचे पन्नास कागद जमिनीवर पसरून ठेवा. विषय ‘बसस्टॉप’ असो, ‘आठवडी बाजार’ असो की ‘पावसाळ्यातला दिवस’, बहुतेक कागदांवर तोच छत्रीवाला माणूस, डोक्यावर टोपली घेतलेली तीच बाई, दप्तर लावलेला तोच पाठमोरा मुलगा आणि मागे तेच गोल झाड. मुलांकडे कल्पना नाही म्हणून असं होत नाही. गाइडमधून चार-पाच माणसं गिरवून घेतलेली असतात आणि विषय बदलला की तीच माणसं इकडून तिकडे सरकवली जातात.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण मुलानं स्वतः पाहिलेलं जग शाळेच्या कागदावर यायला स्मरणचित्राइतकी मोकळी वाट दुसऱ्या कुठल्याच पेपरात नाही. गाइड बंद करून ‘मनानं काढा’ म्हटलं तरी काम होत नाही. मनानं काढा म्हटल्यावर हाताला सर्वांत जास्त सवय ज्याची, तेच बाहेर येतं: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. मुलाला मोकळीक हवी, पण त्याआधी बघायला काहीतरी नेमकं द्यायला हवं.

म्हणून सुरुवात पेन्सिलीशिवाय करावी. आदल्या दिवशी एकच प्रश्न द्यायचा: भाजीवाली सुटे पैसे कुठून काढते, ते बघून या. दुसऱ्या दिवशी फक्त तोंडी सांगायचं. कोणी सांगेल कमरेच्या बटव्यातून, कोणी सांगेल बसायच्या गोणपाटाखालून. मग विचारायचं: वजन करताना तराजू कुठल्या हातात होता? ती काट्याकडे बघत होती की गिऱ्हाईकाकडे? गिऱ्हाइकाची पिशवी खांद्याला होती की दोन्ही हातांनी उघडून धरलेली? पिशवी उघडून धरणारा माणूस थोडा पुढे वाकतो आणि त्याची कोपरं बाहेर येतात. हे एकदा लक्षात आलं की गाइडमधला ताठ उभा माणूस मुलालाच खटकायला लागतो. वर्गातली निम्मी मुलं ‘आठवत नाही’ म्हणतील. त्यांना त्याच प्रश्नासाठी पुन्हा बाजारात पाठवायचं. दुसऱ्यांदा पाहताना डोळा जे टिपतो, त्यातूनच चित्र तयार होतं.

दृश्यस्मृती सरावानं वाढते, ही काही नवी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ओरास लेकोक द ब्वाबोद्राँ या शिक्षकानं त्याचं रीतसर शिक्षण दिलं. आधी साध्या रेषा, मग बाजूनं दिसणारं नाक, अशा पायऱ्यांनी तो पुढे नेत असे. शिल्पकार रोदँ त्याचाच विद्यार्थी. वर्गात हेच करायचं तर तांब्या किंवा कंदील दोन मिनिटं दाखवा, कापडानं झाका आणि पाच मिनिटांत काढायला सांगा. मग कापड काढून मुलांनी आपलं चित्र आपणच तपासायचं आणि दुरुस्त्या लाल पेन्सिलीनं करायच्या. दर आठवड्याला एक वस्तू पुरे.

माणसं काढायला मुलांनाच उभं करा. एक मुलगा पाणी भरल्यासारखा वाकतो, एक मुलगी पिशवी उचलते. वेळ दोन मिनिटं, कागद पाठकोरा आणि हातात जाड खडू. टोकदार पेन्सिल दिली की मुलं शर्टाच्या गुंड्या काढत बसतात. जाड खडूनं गुंडी निघतच नाही, त्यामुळे पाठीचा बाक आणि पायांवरचा भार आधी येतो. प्रमाण सांगायचं तर डोकं हेच माप: मोठा माणूस साधारण सात ते साडेसात डोकी उंच, दहा-बारा वर्षांचं मूल साडेसहाच्या आसपास, पाच वर्षांचं साडेपाच. दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे हात आखूड पडतात. सरळ उभं राहून स्वतःची बोटं मांडीवर कुठवर येतात ते तपासायला लावलं की ही चूक लगेच सुटते. दुसरी म्हणजे लहान मूल म्हणजे लहान केलेला मोठा माणूस. तिथे पुन्हा डोकी मोजायला लावायची.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती मांडणीत. माणसं ग्रुप फोटोसारखी एका ओळीत उभी राहतात, सगळ्यांचे पाय एकाच रेषेवर आणि कोणीही कोणाच्या आड नाही. मूल माणसं मोजून काढत असतं, आणि एक दुसऱ्याच्या आड गेला तर काढलेलं वाया जाईल अशी त्याला भीती असते. यावर नुसतं समजावून उपयोग नाही. वर्तमानपत्रातून 14, 8 आणि 4 सेंटिमीटर उंचीची उभी माणसं कापायला लावा, प्रत्येक मापाची दोन-तीन. चित्राच्या कागदावर आडवी क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, मारा. बघणारा बारा वर्षांचा असेल तर सपाट जमिनीवर ही रेषा मोठ्या माणसाच्या साधारण खांद्यातून जाते, मग तो माणूस जवळ असो की लांब. आता सगळ्या कात्रणांचे खांदे त्या रेषेवर ठेवायचे. पाय आपोआप वरखाली होतात, जवळच्याचे खाली आणि लांबच्याचे वर, आणि कागदात खोली दिसू लागते. मग कात्रणं एकमेकांवर सरकवायची. कागदाचा माणूस आड गेला तरी फुकट जात नाही, हे एकदा हातानं कळलं की पेन्सिलही घाबरत नाही. बसलेली माणसं आणि लहान मुलं रेषेच्या खालीच राहतात. बाजारातली भाजीवाली म्हणूनच नेहमी चुकते, तिला उभ्या माणसाच्या उंचीची काढली जाते.

कात्रणं जुळली की 6 बाय 8 सेंटिमीटरच्या चौकटीत तीन लघुरेखाटनं काढायची, प्रत्येकी चार मिनिटं. पहिलं बहुतेक गाइडसारखंच निघतं. दुसऱ्यात थोडा बदल असतो. तिसऱ्यात मूल वैतागून काहीतरी वेगळं करतं: दुकानाच्या आतून बाहेर बघतं, छपरावरून बघतं, किंवा फक्त हात आणि तराजू मोठे घेतं. माझ्या मते ही तीनची अट कधीही सोडू नये.

रंगात पोस्टर कलरच्या दोन-तीन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. रंग ताकापेक्षा घट्ट असावा. पातळ झाला की कागद फुगतो आणि डाग पडतात. हा रंग गोंदात बांधलेला असतो, म्हणून वाळल्यावरही पाण्यानं पुन्हा सुटतो. दुसरा थर घासून लावला की खालचा वर येतो आणि सगळं मळतं. खालचा थर पूर्ण वाळू द्यायचा आणि वरचा घट्ट रंगात एकाच फटक्यात लावायचा. गडद करायला काळा वापरला की रंग मरतात. शेंदरीत थोडा निळा, हिरव्यात थोडा तांबडा घालून गडद करावं. तयार हिरव्याची बाटली महिनाभर कपाटात ठेवून द्या. लेमन यलो आणि प्रशियन ब्लूमधून भाताच्या रोपाचा झगझगीत हिरवा निघतो, क्रोम यलो आणि अल्ट्रामरीनमधून मळकट, कडुलिंबाच्या जुन्या पानासारखा. एका बाकावर एकाच वेळी असे वेगवेगळे हिरवे तयार होऊ द्या. प्रत्येक बाकावर पाण्याचे दोन डबे हवेत, एक धुवायला आणि एक रंगात घालायला. एकच डबा असला की दहा मिनिटांत सगळ्या वर्गाचं आकाश राखाडी होतं.

पस्तीस मिनिटांच्या एका तासात हे बसत नाही, जोड तास मागून घ्यावा लागतो. मुख्याध्यापकांना पटवायचं असेल तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये कला-एकात्मिक शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, तो दाखवा. परीक्षेच्या सरावासाठी घड्याळी दोन तास धरले तर पंधरा मिनिटं लघुरेखाटनं, अर्धा तास रेखांकन, तासभर रंग आणि उरलेला वेळ दुरुस्तीला. लघुरेखाटनाला वेळ वाया जातो असं पालक म्हणतात. प्रत्यक्षात खोडाखोडीचा वेळ वाचतो.

शिक्षकाचा हात मुलाच्या कागदाला लागू नये. एकदा सरांनी नाक दुरुस्त केलं की पुढच्या वेळी मूल नाकाची जागा कोरी ठेवून वाट बघतं. दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर दाखवा आणि तो कागद फाडून टाका. ‘छान’ हा शेराही नको. ‘पिशवी उघडणाऱ्या माणसाची कोपरं तू बघितलीस’ असं नेमकं सांगितलं तर मुलाला कळतं की पुढच्या वेळी काय बघायचं. गुण देताना दोन खाती ठेवा: परीक्षेच्या निकषांवरचे वेगळे आणि गाइडमध्ये नसलेल्या प्रत्येक निरीक्षणाला एक, असे वेगळे. दुसऱ्या खात्यात बऱ्याचदा ती मुलं पुढे येतात जी शाळा सुटल्यावर दुकानात किंवा शेतात हाताशी असतात, कारण त्यांनी काम जवळून पाहिलेलं असतं.

तिन्ही लघुरेखाटनं चित्राच्या मागे चिकटवून तारीख टाका. महिन्यानं तोच विषय पुन्हा द्या, आधीचं चित्र न दाखवता.