मोपा ते पणजी, आईसोबत

आज आईला घेऊन मोपाला उतरले. गाडी आधीच ठरवून ठेवली होती. तिच्या गुडघ्यांचा विचार करता तेच योग्य होतं, असं मनापासून वाटतं. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, त्यामुळे गाडी सांगताना दाबोळी की मोपा हे आवर्जून सांगा. तिकिटावरचा कोड बघा : जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपा पार पेडणे तालुक्यात, पणजी तिथून सुमारे ३५ किलोमीटर. फ्लाइट नंबरही कळवला होता, म्हणून विमानाला उशीर झाला तरी ड्रायव्हरदादा नावाची पाटी घेऊन वेळेवर हजर. भाडं आधीच ठरलेलं, घासाघीस नाही.

"आई, तुम्ही पुढे बसा, पाय लांब करता येतील," दादा म्हणाले. किती बरं वाटलं! कोलवाळच्या पुलावर शापोरा नदी दिसली तसा त्यांनी स्वतःहून वेग कमी केला. आई काच खाली करून बघत राहिली. पर्वरीत ट्रॅफिक लागला, पण तोवर दोघांच्या मासळीवरच्या गप्पा रंगल्या होत्या. मांडवी ओलांडल्यावर तिने विचारलं, "परतीलाही हेच येतील ना?" नंबर घेऊन ठेवलाय.