काळ्या पाषाणाच्या गावात संगजिरे

नाशिकला मी गेले होते ती काळारामाच्या दर्शनाला. रामसेजच्या डोंगरातून आणलेल्या काळ्या पाषाणाचे ते देऊळ पाहताना छिन्नीला किती झुंजावे लागले असेल, हे चिरा न् चिरा सांगतो. त्यामुळेच असेल, दर्शन आटोपून गोदाघाटाकडे उतरताना एका पथारीवरच्या वीतभर हत्तीपाशी मी थबकले. दगड करडा-पांढरा, पोटाला सर्वांगी जाळी, आणि जाळीच्या आत त्याच दगडातून कोरून सुटा केलेला आणखी एक चिमुकला हत्ती.

"बोट घालू नका ताई, पिल्लाची सोंड मोडेल," विक्रेता म्हणाला. माल आग्र्याचा होता. तिकडे या दगडाला गोरारा म्हणतात, आपल्याकडे संगजिरे. त्याला विचारून तळाला नख लावले, तर पांढरी भुकटी निघाली आणि बोटाला साबणासारखा बुळबुळीतपणा जाणवला. यातले मुख्य खनिज टाल्क, म्हणजे आपल्या तोंडाला लावायच्या पावडरीतलेच. काठिण्यश्रेणीत हिऱ्याचा क्रमांक १०, तर याचा १.

सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांनी याच दगडावर मुद्रा कोरल्या आणि मग त्या भट्टीत भाजल्या, कारण भाजल्यावर तो पांढरा आणि टणक होतो. कर्नाटकात त्याला बळपद कल्लु म्हणतात. बळप म्हणजे पाटीवरची पेन्सिल. बेलूरच्या १११७ सालच्या होयसळ देवळातले दागिन्यांचे मणी न् मणी मोजता येतात, ते त्याच जातीच्या मऊ दगडामुळे. काळारामाच्या पाषाणाने असले लाड करून घेतले नसते.

तामिळनाडूतली कलचट्टी, म्हणजे स्वयंपाकाचे दगडी भांडे, याचीच. आंबटाने तिला काही होत नाही, आणि चुलीवरून उतरवल्यावरही सांबार बराच वेळ रटरटत राहते. मात्र नवी कलचट्टी पेज आणि एरंडेल यांनी काही दिवस मुरवून घ्यावी लागते. मी पूर्वी एक घेतली होती, तेव्हा हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही; घरी येताच ती मोठ्या आचेवर चढवली आणि काठापासून तळापर्यंत तडा गेला.

हत्ती मात्र घेतलाच. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून पुण्यापर्यंत मांडीवर ठेवला. संगमनेरनंतर गाडी आदळू लागली, की आतले पिल्लू जाळीवर टिकटिक वाजायचे आणि मी कागद उघडून सोंड पाहायची.