ना-हरकत पत्र: हाँगकाँगचे मोर्चे कसे आटत गेले

हाँगकाँगच्या मोर्च्यांचा विषय निघाला की डोळ्यांपुढे येतात त्या छत्र्या आणि अश्रुधूर. साहजिक आहे, फोटो त्यांचेच निघतात. पण तिथला रस्ता बंद कसा होत गेला हे समजून घ्यायचं तर आधी एक कंटाळवाणा कागद हातात घ्यावा लागतो. पोलिसांचं ना-हरकत पत्र.

कायद्याचं नाव पब्लिक ऑर्डर ऑर्डिनन्स. ब्रिटिश अमलातला, १९६७ च्या दंगलींनंतर आलेला. सभेला ५० हून जास्त किंवा मोर्च्याला ३० हून जास्त माणसं येणार असतील तर आयोजकाने सात दिवस आधी पोलिसांना कळवायचं: विषय, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, जबाबदार माणसाचं नाव. पोलिसांना हरकत असेल तर त्यांनी ती ४८ तास आधी कळवायची. मुदतीत काहीच कळवलं नाही तर हरकत नाही असं धरायचं. कागदावर हे फार वाईट दिसत नाही. १९९५ मध्ये तर परवान्याची अट काढून नुसती सूचना पुरेशी केली होती. १९९७ मध्ये हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेल्यानंतर ना-हरकतीची पायरी परत आली आणि हरकतीच्या कारणांत ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे शब्द घातले गेले. तेव्हा त्याकडे फारसं कुणी गांभीर्याने पाहिलं नाही, कारण पुढची वीस वर्षं पत्रं बहुतेक मिळत राहिली.

खरी मेख वेळेत आहे. नकार शेवटच्या दोन दिवसांवर आला की अपील मंडळाकडे धावायचं, तिथेही नकार मिळाला तर रात्रीतून लोकांना कळवायचं. तोवर लाखभर लोकांचं ठरलेलं असतं. ते येतातच. आणि मग तीच गर्दी, त्याच घोषणा, त्याच रस्त्यावर ‘अनधिकृत जमाव’ ठरते. त्याला कमाल शिक्षा पाच वर्षं. कुणी दगड उचलायची गरज नाही.

पत्र हातात असलं म्हणजे सुरक्षित, हाही भ्रमच. २०१९ चं आंदोलन आरोपींना चीनच्या हवाली करू देणाऱ्या विधेयकाविरुद्ध होतं. १२ जून २०१९ ला सिटिक टॉवर या इमारतीसमोरच्या सभेला ना-हरकत होती. आजूबाजूच्या रस्त्यांवर पोलिसांशी झटापटी सुरू झाल्या आणि अश्रुधुराची नळकांडी या परवानगीच्या गर्दीवरही पडली. मागे इमारतीची काच, मधले दरवाजे बंद; आत शिरायला एक फिरतं दार आणि बाजूचं एक लहान दार. फिरत्या दारातून एका वेळी दोन-तीन माणसं जातात, आणि मागून रेटा आला की ते अडकतं. धुरात माणसाला डोळे उघडता येत नाहीत, तो फक्त समोरच्याला ढकलतो. चेंगराचेंगरी अशीच होते. त्या दिवशी मृत्यू झाले नाहीत, पण धूर सोडण्याआधी गर्दीला जायला वाट आहे का हे पाहायचं, हा जमाव पांगवण्याचा अगदी पहिला धडा तिथे कुणाला आठवला नाही.

इशाऱ्याचे फलक हाही एक अभ्यासाचा विषय. हाँगकाँग पोलिस रंगीत कापडी फलक उंच धरतात. पिवळा: पोलिसांची सीमारेषा, ओलांडू नका. निळा: हा जमाव बेकायदा आहे. लाल: पुढे याल तर बळ वापरू. काळा: अश्रुधूर येतोय. केशरी: पांगा, नाहीतर गोळीबार. कल्पना चांगली आहे, कारण गोंगाटात कर्ण्यावरचं काही ऐकू येत नाही. पण पहिल्या चार रांगांपलीकडे फलक दिसतच नाही, आणि मागच्यांना कळतं तेव्हा नळकांडं पायाशी असतं. २८ सप्टेंबर २०१४ ला, छत्री आंदोलन पेटलं त्या दिवशी, तर केशरी फलक दिसला म्हणून आता गोळ्या सुटणार अशी बातमी फोनाफोनी पसरली. त्या दिवशी ८७ नळकांडी सुटली आणि शहर हादरलं. २०१९ च्या आंदोलनात हा आकडा १६ हजारांवर गेला आणि लोक सरावले.

सरावले म्हणजे काय, तर तंत्र बसलं. अश्रुधूर हा खरं तर वायू नव्हेच. ती बारीक भुकटी असते, जळत्या मिश्रणासोबत हवेत उडणारी. म्हणून नळकांडं विझवता येतं. रस्त्यावरचा प्लास्टिकचा वाहतूक शंकू त्यावर उपडा घालायचा, म्हणजे धूर आत कोंडतो, आणि शंकूच्या टोकाच्या भोकातून पाणी ओतायचं. एकाने शंकू, दुसऱ्याने बाटली, तिसऱ्याने पुढचं नळकांडं कुठून येतंय ते बघायचं. फसतं कुठे? नळकांडं घरंगळतं, रस्त्याला उतार असेल तर शंकू पोचेपर्यंत ते दुसऱ्याच रांगेत गेलेलं असतं. उघड्या हाताने उचललं तर तळहात भाजतो. आणि बंदिस्त जागेत हे सगळं निरुपयोगी. ११ ऑगस्ट २०१९ ला क्वाय फोंग मेट्रो स्थानकाच्या आत अश्रुधूर सोडला गेला. तिथे वारा नाही, भुकटी जिन्यांवर, भिंतींवर, कपड्यांवर बसून राहते. असा वापर कुठल्याही प्रशिक्षणात निषिद्धच असायला हवा.

माग काढता येऊ नये म्हणून लोक ऑक्टोपस कार्ड (प्रवासाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड) सोडून रोख पैशांनी एका फेरीचं तिकीट काढायचे. यंत्रांपुढे रांगा लागायच्या, म्हणून कुणीतरी वर सुटी नाणी ठेवून जायचं. हुशारी खरी, पण खटल्यांत तिकीट फारसं कामाला आलं नाही. काळे कपडे, हेल्मेट, श्वसन-मुखवटा, चित्रफितीतली जागा, यांवरून सहभाग ‘अनुमानाने’ सिद्ध होत गेला. दंगलीला कमाल दहा वर्षं आहेत. जागेवर हजर नसलेल्याला दंगलीतला प्रत्यक्ष सहभागी ठरवता येणार नाही एवढं अंतिम न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितलं. हजर असून गर्दीला बळ देणारा मात्र सुटत नाही. उलट बाजूला, विशेष पथकातले पोलिस अंगावर क्रमांक न लावता फिरत होते. ते मूलभूत हक्कांच्या विरोधात आहे असं उच्च न्यायालय म्हणालं, पण नोव्हेंबर २०२० मध्ये. तोवर तक्रार करायची तरी कुणाविरुद्ध?

कागदाकडे परत येतो. १८ ऑगस्ट २०१९ ला व्हिक्टोरिया पार्कमधल्या सभेला परवानगी मिळाली, मोर्च्याला नाकारली. आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे १७ लाख लोक आले. पोलिसांचा मैदानातला आकडा १ लाख २८ हजार. दोन्हींतला कुठलाही धरा, मैदान तुंबणार हे उघड होतं. लोकांना एका बाजूने आत घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर सोडायचं, ‘वाहत्या पाण्यासारखी सभा’, असा तोडगा निघाला. बाहेर पडलेले लोक रस्त्याने चालू लागले. दिवस शांततेत गेला. एप्रिल २०२१ मध्ये याच चालण्याबद्दल मार्टिन ली, मार्गारेट इंग, जिमी लाय अशा लोकशाही चळवळीतल्या ज्येष्ठांना शिक्षा झाल्या. आयोजनाचा ठपका अपिलात पुसला गेला, सहभागाचा राहिला. गर्दीचं व्यवस्थापन म्हणून जे करायला हवं होतं तेच गुन्हा ठरलं.

१ जानेवारी २०२० चा मोर्चा तर परवानगीचाच. सुरू झाल्यावर काही तासांत पोलिसांनी तो गुंडाळायला सांगितला. लाखो माणसं अरुंद रस्त्यावर असताना ती लगेच विरणार कशी? सुमारे ४०० जणांना अटक झाली.

मग कोविडची साथ आली. मार्चअखेर चौघांहून जास्तांच्या जमण्यावर बंदी, जागेवरच २,००० हाँगकाँग डॉलर दंड. त्या वर्षी ४ जूनची, १९८९ च्या तिआनमेन हत्याकांडाच्या स्मरणार्थ व्हिक्टोरिया पार्कमध्ये भरणारी मेणबत्त्यांची सभा तीस वर्षांत पहिल्यांदा नाकारली गेली, कारण विषाणू. ३० जूनला रात्री ११ वाजता बीजिंगने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. दुसऱ्याच दिवशी पोलिसांच्या हातात जांभळा फलक होता: तुमच्या घोषणा आणि झेंडे हा गुन्हा असू शकतो. या कायद्यात जामिनाचं गणित उलटं आहे. आरोपी पुन्हा तसं करणार नाही याची न्यायाधीशाला खात्री पटली तरच जामीन. म्हणजे शिक्षेआधीच वर्षं जातात. मोठे मोर्चे काढणारी सिव्हिल ह्युमन राइट्स फ्रंट ऑगस्ट २०२१ मध्ये विसर्जित झाली. अर्ज करणारा हातच उरला नाही.

अर्जाची पद्धत मात्र शाबूत आहे. मार्च २०२३ मध्ये महिला कामगारांच्या एका संघटनेला मोर्च्याची परवानगी मिळाली, आणि आदल्या दिवशी संघटनेनेच मोर्चा रद्द केला. २६ मार्चला त्सेंग क्वान ओमध्ये समुद्रात भराव घालण्याच्या आणि कचरा-प्रकल्पाच्या विरोधात रहिवाशांचा मोर्चा निघाला. अटी अशा: जास्तीत जास्त १०० माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांकाची पट्टी, तोंडावर मुखवटा नाही. सगळ्यांभोवती पट्टीचा चौकोन, आणि माणसं चालतील तसा तो चौकोनही चालणार. शंभरांची परवानगी होती, ऐंशीच्या आसपास लोक आले.

त्या वर्षी जूनमध्ये व्हिक्टोरिया पार्कही रिकामं नव्हतं. ४ जूनच्या आसपासचे दिवस सरकारधार्जिण्या मंडळांनी जत्रेसाठी घेतले होते. खाद्यपदार्थांचे स्टॉल होते, आणि बाहेर पोलिस लोकांच्या पिशव्या उघडून बघत होते.